उलटं खळं

दिवाळी सरली, पणत्या धुऊन माळ्यावर गेल्या, की आमच्या गावात मळणीयंत्रं फिरायला लागतात. ट्रॅक्टरमागचं ते लाल धूड रस्त्यानं येताना दिसलं की दारंखिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर बाजरीचं कुसळ थेट चहाच्या कपापर्यंत येतं. दोन तासांत आख्ख्या शिवाराची बाजरी पोत्यात. बायका म्हणतात, सुटलो बाई एकदाचे. मीही म्हणते. मग घरात येऊन उगाचच कुणावर तरी खेकसते. शाळेतल्या पोरांनाही आता ठाऊक झालंय, सुगीच्या दिवसांत विज्ञानाच्या बाईंच्या वाटेला जायचं नाही.

खळं म्हणजे काय, हे या पोरांना फळ्यावर काढून दाखवावं लागतं. मधोमध रोवलेला लाकडी खांब, त्याला म्हणायचं तिवडा. भोवती शेणानं सारवलेली गोल जमीन. तिवड्याला दोरानं बांधलेले बैल, तोंडाला मुसकी, पायाखाली कणसांचा थर. सकाळच्या थंडीत त्या ओल्या शेणाचा वास आणि कणसं चेचली जातानाचा गोडसर वास एकत्र व्हायचा. बैल गोल गोल फिरत राहायचे आणि त्यांच्यामागं चालणाऱ्या माणसाचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. मी वर्तुळ काढते, खांब काढते, बैल काढते. पण बैल कुठल्या बाजूला तोंड करून चाललेत, हे दाखवणारा बाण काढायची वेळ आली की खडू खाली ठेवते.

आम्ही मूळचे आंबेगावच्या पश्चिमेकडचे, घोड नदीच्या वरच्या अंगाचे. खाली भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी सहावीत होते. वाडी पाण्याखाली गेली आणि वाडीची माणसं पाच-सहा गावांत वाटली गेली. नारायणगावकडून जुन्नरला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात चार घरं आली, त्यातलं एक आमचं. आबा, आई, माझा मोठा भाऊ किसनदादा आणि मी. आणि हरण्या, आबांचा म्हातारा बैल. सरकारी ट्रकमध्ये बैल घालू देत नव्हते, म्हणून आबा त्याला घेऊन दोन दिवस चालत आले.

गावानं आम्हाला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. गावानं आम्हाला हसून घेतलं. डांबरी रस्ता भला रुंद असला तरी आमच्या घरची माणसं एकामागं एक चालायची, कारण पायांना बांधावरच्या वाटेची सवय. त्याला हसले. आई दारातल्या शेंदूर लावलेल्या वाघोबाला पहिल्या घासाचा नैवेद्य दाखवायची. त्याला हसले. आणि सगळ्यात जास्त हसले ते खळ्याला.

आमच्याकडं स्वतःचं खळं नव्हतं. शेजारच्या वावराचे मालक तात्या, त्यांनी आपलं खळं वापरायला दिलं. आबांनी पहिल्याच सुगीला हरण्याला तिवड्याजवळ बांधलं, बाहेरच्या अंगाला उसना बैल जुंपला आणि निघाले. तात्या बांधावरून बघत होते. म्हणाले, "अवो पावणं, खळं उसवताय का काय?"

आबांना कळेना. मग तात्यांनीच समजावून सांगितलं. या गावात बैल फिरवायचे तर तिवडा उजव्या हाताला ठेवून. देवाला घालतो तशी प्रदक्षिणा. आबांचा तिवडा डाव्या हाताला होता. आमच्या वाडीत सगळे तसंच फिरवायचे, आजोबा फिरवायचे, त्यांचे वडील फिरवायचे. का, ते कुणीच विचारलं नव्हतं. आबा म्हणाले, "आमच्याकडं असंच हाय, तात्या." तात्या हसले, "असू द्या, असू द्या, दाणा पडला म्हंजे झालं." तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी शाळेत माझं नाव पडलं होतं, उलट्या खळ्याची. पुढं पोरांना तेही लांब वाटलं, मग नुसतंच "उलटी".

सहावी ते नववी, चार वर्षं ते नाव मी ऐकलं. आणि काय केलं? रडले का? छे. मी सरळ व्हायला लागले. "व्हतं" म्हणणं सोडलं, "न्हाई" सोडलं. वर्गात पहिली यायला लागले. रस्त्यानं चालताना मैत्रिणीच्या बरोबरीनं, शेजारी शेजारी चालायची. आई मागं राहिली तर राहू दे. गावातलीही कुणी इतकं शुद्ध बोलत नसेल तितकं मी बोलायची. माझा मला केवढा तो अभिमान! अती शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी तेव्हा दहा मार्कांच्या निबंधात लिहिली होती. पूर्ण मार्क मिळाले होते.

फेब्रुवारीत एकदा, म्हणजे या गोष्टीला आता पावणेदोन वर्षं होतील, मी शाळेची सहल नेली. नारायणगावच्या पुढं शिवारात जाळीच्या मोठाल्या तबकड्या उभ्या आहेत, आकाशाकडं तोंड करून. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकायची दुर्बीण ती. आमच्या पोरांनी त्या एसटीतून रोज पाहिलेल्या, त्यामुळं त्यांना त्यांचं काडीचं कौतुक नाही. वर्षातून एकदा तिथं आत सोडतात, माहिती देतात. जीप किसनदादाची. दादा जुन्नर-नारायणगाव वडाप करतो, माणशी भाडं घेऊन जीप भरतो. सहलीला तोच येतो.

तिथं एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, साधी सुती साडी आणि पायात बूट. त्यांना पोरांशी बोलायची हातोटी होती. आधीच सांगून टाकलं, आमच्या तबकड्या आकाशातला वायू ऐकतात, ताऱ्यांची चाल मोजणारे लोक वेगळे, त्यांच्या दुर्बिणी वेगळ्या. पण गोष्ट त्यांची चांगली आहे म्हणून सांगते.

गोष्ट अशी. आपली आकाशगंगा एकदम अशी झाली नाही. ती लहान लहान आकाशगंगा गिळत मोठी झाली. गिळलेल्यांचा आकार राहिला नाही, नाव राहिलं नाही. त्यांचे तारे आपल्या ताऱ्यांत मिसळून गेले. नुसतं बघून ओळखता येत नाही, कारण तारा म्हणजे ताराच, ठिपका. पण ते फिरतात कसे, हे मोजलं की बिंग फुटतं. आपले बहुतेक तारे एका दिशेनं मधल्या गाभ्याभोवती फिरतात. बाहेरून आलेल्यांतले काही तिरके जातात, काही घोळक्यानं एकाच वाटेनं जातात, आणि काही तर चक्क उलटे. अब्जावधी वर्षं झाली गिळून, तरी उलटेच.

"पण मॅडम, एवढ्या लांबून चाल मोजतात कशी?" आमच्या एका मुलीनं विचारलं.

"एसटीचा हॉर्न ऐकलायस ना? येताना बारीक वाटतो, पुढं गेली की जाड. प्रकाशाचंही तसंच. तारा जवळ येत असेल तर त्याचा प्रकाश निळ्याकडं जरासा सरकतो, लांब जात असेल तर तांबड्याकडं. आणि आडवा चालला असेल तर वर्षावर्षानं फोटो काढायचे, तसूभर सरकलेला दिसतो."

एका टारगटानं हात वर केला. "मॅडम, मग त्या उलट्यांना कोणी सरळ करत नाही का?"

पोरं हसली. मॅडमही हसल्या. "कोण करणार बाळा? तिथं जागा इतकी मोकळी असते की ताऱ्याला तारा धडकत नाही. कोणी कोणाला ढकलत नाही. म्हणून तर ज्याची त्याची चाल टिकते."

दादा दाराशी उभा होता, बोटात किल्ली फिरवत. मला वाटलं होतं, तो ऐकत नाही. त्यानं एकदम विचारलं, "म्हंजी मॅडम, कागद न्हाई काय न्हाई, तरी कळतं कुठनं आलाय ते?"

"कागद कशाला हवा? फिरणं बघायचं."

दादा हसला. ते हसणं मी ओळखते. त्यात हसण्यासारखं काही नसतं.

आता ती सुगी सांगते. टाळून टाळून किती टाळणार.

दादा बारावीला उत्तम पास झाला होता आणि पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला जागा मिळाली होती. आम्हा दोघांच्या आधी आमच्या घरात कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आई तर "इंजेर" म्हणायची आणि ते म्हणताना पदर तोंडाला लावायची. जागा मिळाली होती ती डोंगरी जमातीसाठी ठेवलेली, आणि अट अशी की सहा महिन्यांत जमातीच्या दाखल्याची खातरजमा करून द्यायची. कागदपत्रांची बोंब होती. वाडीतल्या शाळेचं रजिस्टर सापडत नव्हतं, जुने उतारे हलवाहलवीत भिजून लगदा झाले होते. म्हणून घरी चौकशीला साहेब येणार, असं पत्र आलं. दादा पुण्यात होस्टेलवर. घरात वाचणारी मी एकटी, दहावीतली.

मी मोठ्यानं वाचलं. अर्जदाराच्या कुटुंबाचे राहणीमान, रीतिरिवाज, देवदेवता, शेतीच्या पद्धती यांची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.

आबा म्हणाले, "म्हंजी काय करायचं?"

आणि मी, वर्गात पहिली येणारी मी, त्यांना अर्थ सांगितला. शाळेत इन्स्पेक्शनला साहेब आले की काय करतात? भिंती पुसतात, नखं कापतात, शेंबड्या पोरांना मागच्या बाकावर बसवतात. पाहणी म्हणजे मला तेवढीच ठाऊक. मी म्हणाले, "आबा, आपण नीटनेटकी माणसं आहोत का, ते बघायला येणार. दादाला कॉलेजात ठेवायच्या लायकीचं घर आहे का ते."

कुणाला विचारलं असतं तर! तात्यांना, मास्तरांना, कुणालाही. पण विचारतो कोण? मला सगळं येत होतं ना.

मग मी घर सरळ केलं. दारातला वाघोबा उचलून कणगीमागं ठेवला, वर गोणपाट टाकलं. आई म्हणाली, "आगं, देव हाय तो." मी म्हणाले, "एक दिवस." त्या जागी गावातल्या देवाचा फोटो लावला. आईला सांगितलं, नऊवारी नीट नेस आणि तू फार बोलू नकोस. आबांकडून पाठ करून घेतलं, होळी कशी करता, गावासारखी. लग्नं कशी लावता, गावासारखी. आबा बिचारे घोकत होते.

आणि नेमकी त्याच दिवशी मळणी. पुढं ढकलता येईना, खळं दुसऱ्या दिवशी तात्यांना हवं होतं. मी म्हणाले, "आबा, बैल पण नीट फिरवा आज. साहेब हसतील."

आबा माझ्याकडं बघत राहिले. "हरण्याला जमायचं न्हाई गं सुमे. जनम गेला त्याचा."

"जमवा. दादासाठी."

दादासाठी म्हटल्यावर ते काय बोलणार?

सकाळी हरण्याला त्यांनी वळवून बांधलं. तिवडा उजव्या हाताला. हरण्या चार पावलं गेला आणि थांबला. ओढला, पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबला आणि मान डावीकडं वळवून आबांकडं बघायला लागला. दोर तिवड्याला गुरफटला. उसना बैल त्याच्या अंगावर आला. आबांनी सोडवलं, चुचकारलं, कपाळ खाजवलं. हरण्या फिरेना. तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला आणि मी ओरडले, "आबा, आले!"

आबांनी चाबूक उगारला. हरण्याला त्यांनी तोवर कधी मारलं नव्हतं, दोन दिवस चालत आणलं तेव्हाही नाही. पाठीवर दोन वळ उठले. हरण्या चालायला लागला. मुसक्यातून त्याची लाळ बाजरीवर गळत होती आणि आबा त्याच्या मागून चालत होते, माझ्याकडं न बघता.

साहेब काही वाईट नव्हते. थकलेले होते, पायात धुळीनं भरलेले बूट, हातात छापील कागद. खळ्याशी उभं राहून बराच वेळ बघितलं. विचारलं, "बैल असेच फिरवता? नेहमी?"

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"व्हय सायेब. गावासारखंच."

साहेबांनी लिहिलं. मग घर बघितलं, फोटो बघितला. चहा घेतला. होळी, लग्न, सगळं विचारलं. आबांनी सगळं पाठ केलेलं म्हटलं, एकही चूक नाही. शेवटी साहेब म्हणाले, "बाबा, तुमच्या भागातली दुसरी कुटुंबं आम्ही बघितलीत. ती लोकं तिवडा डाव्या हाताला ठेवतात. दारात वाघोबा असतो. तुमच्याकडं तर काहीच नाही तसं. मग तुम्ही तिकडचे, हे आम्ही कशावरून धरायचं?"

बाई गं! त्याच क्षणी मी ओरडायला हवं होतं. धावत जाऊन कणगीमागचा देव काढून आणायला हवा होता. पण मग खोटं बोललो, असं झालं असतं, आणि खोटेपणा पकडला जाणं याची मला तेव्हा मरणापेक्षा जास्त भीती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

माघच्या थंडीत दादा ट्रंक घेऊन घरी आला. अर्ज फेटाळल्याचा, कारणांसकट लिहिलेला कागद त्याच्या खिशात होता. आई भाकऱ्या थापत होती, मी चुलीत काटक्या सारत होते. दादानं कागद आबांच्या पुढ्यात टाकला. "आबा, तुमी बैल उजवे फिरवले?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. अगदी ओझरतं. मग म्हणाले, "व्हय. मला वाटलं, तसंच बरं दिसंल."

"तुमाला वाटलं? आरं, जलमभर डावं फिरवलं आन् एक दिवस नेमकं उजवं सुचलं?"

मी काटकी आत सारली. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, ही मोठीच सोय झाली.

पुन्हा अर्ज केले, तारखा पडल्या, वर्ष गेलं, जागा गेली. दादा नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात क्रेट उचलायला लागला, मग कुणाच्या तरी जीपवर, मग स्वतःच्या. आबांशी बोलणं तुटलं. एकाच घरात, एकाच ताटलीतून चटणी घेऊन, पण बोलणं नाही. हरण्या पुढची सुगी बघायला राहिला नाही. मी मार्कांवर डी.एड. झाले, गावातल्याच एका भल्या घरात पडले, शाळेत लागले. गावात कुणी मला उलटी म्हणत नाही. सुमनबाई म्हणतात, वाकून नमस्कार करतात. दादा रोज सकाळी जीपमध्ये माझ्यासाठी पुढची जागा राखून ठेवायचा. दुसरा कुणी बसायला आला तर म्हणायचा, "उठा राव, भैन यायचीय माझी."

आबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "आबा, मी सांगते दादाला."

"नको. तुमा दोघांना एकमेकांबिगर कोण हाय? माझं काय, मी चाललो."

त्यांचं ऐकलं म्हणून मी गप्प राहिले, असं स्वतःला सांगते. खोटं आहे ते. मला गप्प राहायचंच होतं, आबांनी परवानगी दिली.

तर सहलीवरून परत येताना. पोरांना शाळेपाशी सोडलं, जीपमध्ये आम्ही दोघंच. बाहेर द्राक्षांच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या. दादानं एका ट्रकला वाट दिली. मग म्हणाला, "त्या बाई लई भारी बोलल्या. तारा पण आपली चाल सोडत न्हाई. आन् आमचा बाप! त्याला कुणी ढकललं व्हतं?"

"मी," मी म्हणाले.

"काय?"

"मी सांगितलं व्हतं दादा. बैल मी वळवाय लावले. देव मी लपिवला. आबा नको म्हणत व्हते."

इतक्या वर्षांनी ते "व्हतं" माझ्या तोंडून कसं आलं, मला कळलं नाही. दादानं जीपचा वेग कमी केला नाही, जास्तही केला नाही. एक फाटा गेला, दुसरा गेला. मग रस्त्याच्या कडेला घेऊन त्यानं इंजिन बंद केलं.

"आठ वर्षं मी त्या माणसाशी धड बोललो न्हाई," तो समोर बघत म्हणाला. "त्याच्या तोंडात पाणी घालताना सुदिक माझ्या मनात राग व्हता. आन् तू शेजारी हुबी व्हतीस, सुमे."

मी त्याच्या हाताला हात लावला. त्यानं तो काढून घेतला.

"उतर."

तीन किलोमीटर चालले. रस्ता मोकळा, रुंद, आणि मी कडेच्या मातीतून चालत होते, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, दादा सोडायला नाही आला? म्हटलं, घाईत होता.

त्या मॅडमचं एक वाक्य सारखं आठवतं. कोणी कोणाला ढकलत नाही म्हणून चाल टिकते. मॅडम, तुमच्या आकाशात गाव नाही, शाळा नाही, पहिला नंबर नाही. आपल्याच बापाला लाजणारी पोर नाही. तिथं टिकेल हो चाल.

आता पुन्हा सुगी आहे. पहाटे धुकं असतं आणि त्यात मळणीयंत्राचा धुराळा. मी फाट्यावर उभी राहते शाळेसाठी, पावणेसातला. दादाची जीप त्याच वेळेला येते, वळणावर हॉर्न वाजतो. सवयीनं वाजवतो, की मला ऐकू जावा म्हणून, ठाऊक नाही. येताना तो हॉर्न बारीक ऐकू येतो. पुढची जागा रिकामी असते, काचेतून दिसते. मग जीप माझ्यासमोरून जाते आणि हॉर्न जाड होतो, जाड होत होत जुन्नरकडं निघून जातो. पावणेदोन वर्षं झाली, मी रोज ऐकते. अजून एकदाही तो माझ्यापाशी येऊन थांबलेला नाही.